वाटेगावात १ ऑगस्टला 'फकिरा' मोठ्यानं वाचायचा का?

वारणाकाठ:
अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीला वाटेगावला जाणं होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलंच, त्यामुळं फार लांब नाही. ज्यांनी ती जयंती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आदल्या रात्रीपासून पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या गावाकडं वळायला लागतात. गावोगावची पोरं ज्योत न्यायला येतात. सकाळी पुढारी, हार, फोटो. मग भाषणं. दुपारनंतर मिरवणूक, हलगी, डॉल्बी आणि वरनं पाऊस.

मला बोलायचंय ते भाषणांबद्दल. वक्ते कितीही असोत, एसटीसारखे थांबे ठरलेले. दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, दुकानांच्या पाट्या वाचत शिकलेली अक्षरं, १९६१ ची रशियावारी, आणि आता २०२२ चा मॉस्कोतला पुतळा. शेवट १९५८ च्या दलित साहित्य संमेलनातल्या त्या वाक्यानं, की पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या तळहातावर तरलेली आहे. हे सगळं सांगायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्या माणसानं ३० हून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, त्याच्या गावात त्याच्याच जयंतीला त्याचं एक पान मोठ्यानं वाचलेलं माझ्या कानावर कधी पडलं नाही.

म्हणून प्रस्ताव असा. त्यांच्या 'फकिरा' कादंबरीची सुरुवात याच गावची आहे. जोगणीची, म्हणजे देवीच्या खुणेची, जत्रा शेजारच्या शिगावची. दुसऱ्या गावच्या माणसानं जोगणी हद्दीपार नेली की जत्रा त्या गावाची, असा रिवाज. फकिराचा बाप राणोजी ती आणायला जातो. जोगणी वाटेगावात येते, राणोजी येत नाही. हा भाग वाटेगावात, इथल्याच माणसांनी मोठ्यानं वाचायचा. फार तर पाऊण तास. काय वाटतं?

कोरडवाहू:
चांगलं आहे. आमच्या मराठवाड्यात जयंती एका दिवसात उरकत नाही. १ ऑगस्टला सुरू होते ती महिना संपेपर्यंत चालते. प्रत्येक मंडळ आपली वेगळी तारीख धरतं, कारण एकाच दिवशी सगळ्यांनी केली तर वक्ते मिळत नाहीत आणि पाहुणेरावळेही वाटले जातात. त्यामुळं आमच्याकडं वाचन घुसवायला जागा भरपूर आहे. पण वक्त्याला जे मानधन, जो फेटा, जो नारळ मिळतो तो वाचणाऱ्याला मिळणार का? मिळत नसेल तर वाचायला उभं कोण राहणार? मंडळाच्या पोरांना फ्लेक्सवर नाव लागतं. वाचणाऱ्याचंही लावा, मग बघा.

एक मात्र सांगतो. जयंतीच्या मंडपाबाहेर पुस्तकांचं दुकान असतं आणि तिथं पुस्तकं खपतात. नुसती बघून ठेवून देतात असं नाही. म्हातारी माणसं नातवासाठी 'फकिरा' घेऊन जातात. पुढं तो वाचतो का, ते मला माहीत नाही.

तिरकस:
मी जरा पाण्यात खडा टाकतो. 'फकिरा' १९५९ ची. आज वाचताना ती भाबडी वाटते. नायकात खोट नाही, खलनायकात माणूस नाही, प्रत्येक प्रसंग टिपेला. घोडासुद्धा, गबऱ्या, साधा घोडा राहत नाही. जयंतीला वाचायची म्हणून वाचा, पण साहित्य म्हणून तिच्यापेक्षा त्यांच्या कथा कितीतरी घट्ट आहेत. 'स्मशानातील सोनं' घ्या. खाणीचं काम सुटलेला भीमा मुंबईच्या कडेला मसणातली राख चाळून सोनं शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो आणि बोटं गमावतो. दहा-बारा पानांत माणसाची पुरती फरपट. एकही शब्द वाया नाही.

शिवाय आपण ज्यांना लोकशाहीर म्हणतो त्यांची कादंबरीकार म्हणून चिकित्सा करायला आपण तयार आहोत का? मला तरी दिसत नाही. उणं बोललं की लोक अंगावर येतात.

उंबरठा:
तिरकस, तुम्ही डोळ्यांनी वाचताय, म्हणून भाबडी वाटते. ती कानासाठी लिहिलेली आहे. अण्णा भाऊ तमाशाच्या फडातून आले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं, हजारोंच्या सभेपुढं पोवाडे गायले, वगनाट्यं उभी केली. समोर बसलेला श्रोता उठून जाऊ नये ही त्यांची तालीम होती. 'फकिरा'तली वाक्यं तोकडी आहेत, क्रियापदावर धाडकन आपटणारी. खड्या आवाजात वाचून बघा. जो प्रसंग पानावर टिपेला गेल्यासारखा वाटतो, तो मंडपात बरोबर पट्टीत बसतो. तेव्हा वारणाकाठांचा प्रस्ताव मला नुसता जयंतीचा कार्यक्रम वाटत नाही. त्या कादंबरीला तिची मूळ जागा देण्यासारखं आहे ते.

माझी तक्रार वेगळी आहे. दरवेळी 'फकिरा'च का? 'वैजयंता' आहे. तमाशात नाचणाऱ्या बाईला माणूस म्हणून बघणारी कादंबरी, आणि लिहिणारा फड आतून पाहिलेला. 'चित्रा' आहे, 'आवडी' आहे, 'चंदन' आहे. त्यांच्या बायका रडत बसत नाहीत, हात उगारतात. मिरवणुकीत तलवार घेतलेल्या फकिराचा फ्लेक्स दिसतो, वैजयंतेचा कुठं दिसला का कुणाला?

तिरकस:
'कानासाठी लिहिलेली' हा मुद्दा मान्य. पण मग सगळेच दोष त्या खात्यावर ढकलता येतील. वि. स. खांडेकरांनी 'फकिरा'ला प्रस्तावना लिहिली, १९६१ मध्ये राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं, म्हणजे त्या काळी तिची दखल साहित्य म्हणूनच घेतली होती. पुढं आपण तिला फक्त अस्मितेच्या कपाटात ठेवली. मोठ्यानं वाचायला माझा विरोध नाही. वाचून झाल्यावर दहा मिनिटं बोलूही द्या, एवढंच म्हणणं.

हलगीवाला:
बराच वेळ वाचतोय, आता बोलतो. धाग्यात डॉल्बीचं नाव आलं की पुढं काय येतं ते मला पाठ आहे. 'नाचण्यापेक्षा वाचा.' हे वाक्य १ ऑगस्टलाच बरं सुचतं लोकांना. बाकीच्या मिरवणुकांना कुणी पुस्तकं वाटायला निघत नाही.

माझा बा हलगी वाजवायचा. लोकांच्या लग्नात, लोकांच्या देवापुढं, लोकांच्या पैलवानापुढं. वाजवून झालं की बाहेर बसायचं, बाहेरच जेवायचं. वर्षातला हा एक दिवस असा की हलगी आमच्या माणसासाठी वाजते आणि आम्ही रस्त्याच्या मधनं चालतो. कुणाला तो गोंगाट वाटत असेल, वाटू दे. पण रस्त्याच्या मधनं चालायला मिळावं म्हणून काय काय झालंय ते 'फकिरा'तच लिहिलंय. इंग्रजांच्या काळात आमच्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागायची, तो भाग वाचा, म्हणजे कळेल.

डॉल्बीचं समर्थन मी करत नाही. उलट त्यानं आमचीच हलगी मारली. आमच्या घुमक्यावाल्यांना आता सुपारी मिळत नाही. पण वाचन हवं म्हणून हलगी बंद, असं कुणी मांडणार असेल तर मी त्यात नाही.

वारणाकाठ:
हलगीवाला, तुमचा शब्द न् शब्द पटला. बंद करा असं मी कुठंच लिहिलेलं नाही आणि तसं मनातही नाही. मिरवणूक दुपारनंतरची, तिला हात लावायचा नाही. मी शोधतोय ती वेळ पुढारी येण्याआधीची किंवा आदल्या रात्रीची. उलट वाचनाआधी हलगी पाहिजेच. दवंडी तिचीच.

ताम्रपट:
दोन कोरडे मुद्दे, मग भांडणं चालू द्या.

पहिला, हक्कांचा. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. अण्णा भाऊ गेले १८ जुलै १९६९ ला. म्हणजे त्यांचं साहित्य २०२९ च्या अखेरीपर्यंत हक्कांखाली आहे, २०३० पासून मोकळं. पण १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ नुसार छापलेल्या पुस्तकातला वाजवी उतारा लोकांपुढं वाचायला परवानगी लागत नाही. पाऊण तासाचा एक भाग वाचणं त्यात बसायला हरकत नाही. अख्खी कादंबरी वाचणार असाल, किंवा वाचन चित्रित करून यूट्यूबवर टाकणार असाल, तर ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांना आधी विचारा. चित्रणाचं लोक हमखास विसरतात.

दुसरा, आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत मुभा असते. आदल्या रात्री वाचणार असाल तर साडेआठला सुरू करा. जेवणं उरकून लोक येतील तोवर नऊ होतातच, ते धरून चाला.

चिरागनगर:
घाटकोपरहून लिहितोय. आमच्या चिरागनगरात ते राहिले, इथल्याच झोपडपट्टीत बसून त्यांनी कितीतरी लिहिलं. त्यामुळं जयंतीवर आमचाही दावा आहे, वाटेगावकरांनी राग मानू नये. इथं स्मारकाच्या घोषणा आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

मुंबईत वाचायला 'फकिरा' नको, हे मात्र माझं मत. इथल्या पोरांना जोगणी म्हणजे काय ते समजावण्यातच पाऊण तास जाईल. इथं 'माझी मुंबई' वग घ्यावा, किंवा तिरकस म्हणतात ती मसणाची कथा. ती इथली आहे. आजही उपनगराच्या कडेला कचऱ्याच्या डोंगरावर माणसं काय काय शोधत असतात. समजावून सांगावं लागत नाही.

आणि 'माझी मैना' विसरू नका. लोक तिला विरहाची लावणी समजून डोलतात. बेळगाव-कारवार-निपाणी राज्याबाहेर राहिल्याचं दुखणं तिच्यात आहे, हे पोरांना एकदा सांगितलं की गाणं वेगळंच ऐकू येतं.

खडूफळा:
शिक्षक आहे, शाळेची बाजू सांगतो. १ ऑगस्ट १९२० ला तिकडं टिळक गेले, त्याच दिवशी इकडं अण्णा भाऊ जन्मले. त्यामुळं शाळेत एकाच टेबलावर दोन फोटो, एकच हार कापून दोन केलेला आणि एकच वक्तृत्व स्पर्धा. दहा पोरं बोलली तर सातजण शेंगांच्या टरफलांवर, कारण ती गोष्ट तयार मिळते. उरलेली तीन अण्णा भाऊंवर, तीही मोबाइलवरनं उतरवून. 'थोर साहित्यिक होऊन गेले' पासून सुरू आणि 'माझे दोन शब्द संपवतो' वर संपतं. साहित्य काय लिहिलं ते मधे कुठंच येत नाही.

म्हणून मी वर्गात भाषण सोडून एकदा कथा वाचायला घेतली. तीच, मसणाची. मागच्या बाकावरची मंडळी, जी एरवी खिडकीतनं बाहेर असतात, ती पुढं सरकली. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला, 'सर, खाण परत सुरू झाल्यावर त्याला कामावर घेतलं असतं का, बोटं नसताना?' मी या पोरांना तिसरीपासून शिकवतोय, पण असा प्रश्न निबंधाच्या वहीत मला कधी सापडला नाही.

वाटेगावात वाचन झालं तर शाळेची पोरं वाचायला घ्या. पण स्पर्धा नको. क्रमांक आला की घोकंपट्टी आली, आणि मग वाचनाचंही भाषण होतं.

बांधावरचा:
सगळे गोड बोलताय म्हणून मी कडू बोलतो. मंडप कुठं घालणार? समाजमंदिरापुढं घातला तर वरच्या आळीचे किती येतील? चौकात घातला तर परवानगीवरनं काय होईल? हे एकट्या वाटेगावचं म्हणत नाही, आपल्या भागातल्या कुठल्याही गावाचं म्हणतोय. बाकीच्या जयंत्यांना वर्गणी गावाची असते, अण्णांच्या जयंतीला वस्तीची.

आणि गंमत बघा. ज्या कादंबरीवर तुम्ही वाचन करणार, तिच्यात शंकरराव पाटील आहे, विष्णुपंत कुलकर्णी आहे. ते मांगवाड्याच्या बाजूनं उभे राहतात. दुष्काळात लेकरं उपाशी मरतात तेव्हा कुलकर्ण्याला कायद्यापेक्षा भूक मोठी वाटते. अण्णा भाऊंनी गाव असं लिहिलं. आजचं गाव तेवढं तरी आहे का, ते वाचनाला कोण येतं त्यावरनं कळेल.

उंबरठा:
बांधावरचा, याला कडू का म्हणता? वाचनाचं सगळ्यात मोठं कारण तुम्हीच दिलंत. पाटलाचा भाग पाटलांच्या घरच्यानं वाचावा, कुलकर्ण्याचा कुलकर्ण्यांच्या. भाषण करायला कुणी उभं राहणार नाही, पण पुस्तकातलं वाचायला माणूस तयार होतो. शब्द आपले नसले की तोंड उघडायला सोपं जातं.

आणि राधा, राणोजीची बायको, फकिराची आई, तिचा भाग बाईनंच वाचायचा. ऑगस्टात भांगलणीचे दिवस असतात, बायका दिवसभर रानात. सकाळी वाचन ठेवलंत तर एकही बाई येणार नाही. आदल्या रात्रीच ठेवा.

हलगीवाला:
राधेचा भाग बाईनं वाचायचा, याला माझा पाठिंबा. राणोजीच्या बाला, दौलती म्हाताऱ्याला, आवाज मी देतो. वाचायला अडखळतो, पण म्हातारा पण अडखळेलच की.

वारणाकाठ:
बरंच हाताला लागलं. आत्तापर्यंत जे जुळलं ते असं. ३१ जुलैची रात्र, साडेआठ, दहाच्या आत आटोपायचं. आधी हलगी. मग जोगणीचा भाग, आठ-दहा जणांनी मिळून वाचायचा. नट आणायचा नाही. एका मित्रानं मालिकेतला एक ओळखीचा कलाकार सुचवला, मी नको म्हटलं. तो आला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला येतील, आणि तो आपल्याकडची बोली ज्या तऱ्हेनं बोलतो ती ऐकून आमची म्हातारी माणसं उठून जातील. मागनं दहा मिनिटं तिरकस यांच्यासारख्यांना. हो, उणं बोलायलासुद्धा.

जागेचं अजून ठरत नाही. पावसामुळं पत्र्याचं छप्पर तर पाहिजेच, आणि पत्र्यावर पाऊस पडायला लागला की माइकशिवाय ऐकू येणार नाही. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा आणि देवळाचा मंडप, या तीन जागा डोळ्यांपुढं आहेत. प्रत्येक जागेला कुणी ना कुणी नाक मुरडणार. मला स्वतःला शाळा बरी वाटते. तिथं सगळ्यांचीच पोरं जातात.

कोरडवाहू:
शाळाच. आणि प्रती कुठून आणणार? प्रत्येकाच्या हातात वेगळी आवृत्ती असली की पान क्रमांक जुळत नाहीत आणि दोन वाक्यांच्या मधे 'कुठं आहे, कुठं आहे' चालतं. एकाच आवृत्तीच्या दहा प्रती घ्या, मागनं त्या शाळेला देऊन टाका. वर्गणीचं म्हणाल तर आमच्या मंडळातर्फे चार प्रती लावा.

खडूफळा:
दोन माझ्या. तालमीला मी येईन. अडखळणाऱ्यांची काळजी करू नका. मात्र आधी एकदा सगळ्यांनी एकत्र बसून वाचायला हवं, नाहीतर दुसऱ्याचं संपलं कधी ते कळत नाही.

चिरागनगर:
चिरागनगरकडून एक प्रत आणि एक माणूस. माणूस म्हणजे मीच. लेखकाचं गाव बघायचं राहूनच गेलंय.

तिरकस:
उणं बोलायला बोलावलंत, उपकार. गबऱ्याबद्दल बोलणार नाही, वचन.

बांधावरचा:
एक राहिलं. सगळी वाटेगावची बाजू वाचणार तुम्ही. शिगावचं काय? राणोजीला मारणारी ती माणसं. त्यांच्या गावालाही आवतण धाडा की. नाहीतर ते म्हणतील, आमची जत्रा पण नेली आणि वर आम्हालाच खलनायक केलं.

शिगावकर_पाटी:
गावाचं नाव निघालं म्हणून खास सदस्य झालो. आमच्याकडं 'फकिरा' वाचलेली माणसं तुमच्यापेक्षा कमी नाहीत, आणि वाचताना पहिल्या पन्नास पानांत आम्हाला काय वाटत असेल त्याचा विचार करा. बोलवा, येतो. शिगावच्या बाजूची वाक्यं आम्ही वाचू, तुम्ही वाचली तर मुद्दाम खुनशी आवाज काढाल.

पण एक अट आहे. यंदा वाचन वाटेगावात झालं, तर पुढच्या वर्षी शिगावात.

वारणाकाठ:
असं सहजासहजी मिळणार नाही. रिवाजाप्रमाणं येऊन हद्दीपार न्यावं लागेल.

शिगावकर_पाटी:
घोडा नाही. टेम्पो चालेल का?